नावाचा रकाना

आमच्या ऑफिसात संध्याताई पाईकरावांवर एक ठरलेला विनोद होता. त्या संध्याकाळी घरी निघाल्या की ऑफिसचं इंटरनेटही त्यांच्यासोबत घरी जातं. विनोद म्हटलं तरी गोष्ट खरी होती. निघायच्या आधी त्या पदर खोचून टेबलाखाली वाकायच्या, भिंतीतून कॉम्प्युटरकडे जाणारी फोनची वायर दोन्ही टोकांनी काढायच्या, पंज्याभोवती गुंडाळायच्या आणि पर्समध्ये टाकायच्या. डब्याच्या शेजारी वायर. सकाळी त्या आल्या की इंटरनेट आलं. एकदा त्या तापाने घरी राहिल्या तर पुण्याला जायचा अहवाल इथेच अडकला आणि वायर आणायला मला त्यांच्या घरी पिटाळलं. त्या अंथरुणातून उठल्या, पण वायर हातात द्यायच्या आधी विचारलं, पुण्याची नवी सीडी टाकली का? टाकली म्हटल्यावर वायर सुटली.

नवीन लागलेली पोरं या प्रकाराला वैतागायची. पासवर्ड कागदावर लिहून ठेवला तर ताई तो कागद गिळून टाकतील, असं म्हणायची. अनोळखी मेल उघडला म्हणून एका पोराला त्यांनी सगळ्यांसमोर असं झापलं होतं की ते बिचारं आठवडाभर माऊसला हात लावायला घाबरत होतं. पोरं हसायची, मी हसत नसे. मी अन्सार, या ऑफिसचा पहिल्या दिवसापासूनचा कॉम्प्युटर ऑपरेटर. ती वायर पर्समध्ये का गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

हिंगोली जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हा पुण्याच्या एका संशोधन संस्थेने इथे शाखा काढली. अभ्यास एचआयव्हीचा. गावात याला कुणी नावाने बोलत नसे, ‘ती बिमारी’ म्हणायचे. नवऱ्याकडून हा आजार आलेल्या बायकांचं पुढे काय होतं, औषधपाणी मिळतं का, घरचे कसे वागवतात, हे विचारत फिरायचं काम संध्याताईंचं, आणि त्यांनी आणलेलं कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझं. वर शाखाप्रमुख लालसिंग सर. माणूस तसा दिलदार. पण मशीन म्हणजे म्हशीसारखं असतं, गोंजारलं की दूध देतं, अशी त्यांची पक्की समजूत होती.

संध्याताई मूळच्या कळमनुरीच्या. बाप गवंडीकाम करायचा, आणि पोरीला त्याने नांदेडला ठेवून शिकवलं. बायकांना बोलतं करायची त्यांची रीत अगदी साधी होती. त्या काही विचारायच्याच नाहीत. बाई तांदूळ निवडत असेल तर समोर बसून निवडायला लागायच्या. मेथी खुडत असेल तर खुडायला. दोन-तीन फेऱ्या अशा गेल्या की बाई आपणहून बोलायची. पुण्याचे लोक फोनवर विचारायचे, एका मुलाखतीला इतके दिवस का? आणि त्याच पुण्याच्या लोकांच्या अहवालात सगळ्यात जास्त माहिती हिंगोलीची असायची.

अशीच त्यांना जनकाबाई भेटली. शिरड शहापूरच्या पुढे एक गाव आहे, तिथे ती बालवाडीत मदतनीस होती. लेकरांची खिचडी शिजवायची, ताटल्या घासायच्या, झाडलोट करायची. नवरा ट्रकवर होता, तो गेला. गावाला सांगितलं कावीळ. तिने स्वतःची तपासणी गुपचूप नांदेडला केली आणि तिलाही तेच निघालं. घरात सासू आणि एक पोरगी. तोवर हे जगात दोघींनाच माहीत होतं, एक ती आणि दुसऱ्या संध्याताई. तिचं एकच म्हणणं होतं. कळलं तर बालवाडीचं काम जाईल, काम गेलं तर सासू घरात ठेवणार नाही, आणि मग पोरीला घेऊन मी कुठं जाऊ? संध्याताईंनी तिचा हात हातात घेऊन शब्द दिला होता की तुझं नाव कुठंही लिहिणार नाही, कुठंही जाणार नाही.

आणि त्यांनी तो शब्द पाळला, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पुण्याचाही नियम तसाच होता, बाईचं नाव लिहायचं नाही, नंबर द्यायचा. पण नंबराने त्यांना बाई आठवेना. माणसं काय नंबराने लक्षात राहतात का, असं म्हणून त्यांनी नंबराच्या शेजारी ‘ओळख’ असा एक रकाना माझ्याकडून काढून घेतला. त्यात गावात त्या बाईला जे म्हणतात ते लिहायचं. आमच्याकडे सासरी आलेल्या बाईला नावाने हाक कोण मारतो? कळमनुरीहून आली तर कळमनुरीवाली, वसमतहून आली तर वसमतवाली. म्हातारी होऊन जाते तरी ती कुणाची तरी ‘वाली’च असते. जनकाबाईच्या पुढे त्यांनी लिहिलं, ‘हट्टावाली’. त्याच्या शेजारी गावाचं नाव, आणि त्याच्या शेजारी बिमारी. हे लिहिताना त्यांना काही वाटलं नाही, टाइप करताना मलाही नाही. आम्ही दोघं इथलेच. आम्हाला ते नाव वाटलंच नाही, हाक वाटली.

आता सीडीचं सांगतो. पुण्याहून महिन्याला एक सीडी कुरियरने यायची. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरू नये म्हणून ती टाकायची. ती टाकली की अर्धा दिवस मशीन रखडायचं आणि लालसिंग सरांचं टायपिंग अडायचं. म्हणून सर म्हणायचे, परवा टाकू. परवाचा तेरवा व्हायचा. त्या साली त्यांच्या शेतात ज्वारी कणसात आली होती आणि चिमण्यांनी उच्छाद मांडला होता. चकाकत्या सीड्या दोऱ्याला बांधून शेतात टांगल्या की पाखरं येत नाहीत, असा शोध तेव्हा आमच्या भागात नुकताच लागला होता. सरांनी ड्रॉवरमधल्या सगळ्या जुन्या सीड्या उचलून नेल्या, त्यात ती नवीही गेली. मी विचारलं तर म्हणाले, पुढच्या महिन्याची येईलच की. पुण्याने व्हायरससाठी पाठवलेली सीडी औंढ्याच्या रस्त्याला वाऱ्यावर हलत चिमण्या हाकलत होती.

दसऱ्याच्या आधीच्या जुम्म्याला मी नमाजला गेलो होतो. तेवढ्या वेळात ऑफिसच्या ईमेलवर एक इंग्रजी पत्र आलं. मजकूर एवढाच, की ही फाईल पाठवतो आहे, आपला सल्ला हवा आहे. पाठवणारा मुंबईचा कुणी ओळखीचा डॉक्टर. लालसिंग सरांना उभ्या जन्मात मुंबईहून कुणी सल्ला विचारला नव्हता. त्यांनी फाईल उघडली. काहीच दिसलं नाही. पुन्हा उघडली, पुन्हा काही नाही. मी आलो तेव्हा ते थोडे हिरमुसून म्हणाले की सल्ला मागतात आणि फाईल कोरी पाठवतात. मला शंका आली, पण त्याच संध्याकाळी रस्त्याच्या खोदकामात फोनची केबल तुटली आणि लाइन गेली. लाइन नाही म्हणजे काही आत येणार नाही आणि काही बाहेर जाणार नाही. मी निर्धास्त झालो.

खंडेनवमीला सरांनी ऑफिसात पूजा मांडली. शेतकरी औजारं पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो, आपलं औजार कॉम्प्युटर, तर तो पुजायचा. बंद मशीनची पूजा कशी करायची म्हणून चालू करायला लावला. मॉनिटरला झेंडूचा हार, कीबोर्डला हळदीकुंकू, पुढे नारळ. संध्याताई बौद्ध, मी मुसलमान. आम्ही दाराशी हात बांधून उभे होतो, प्रसादापुरते. सरांनी बजावलं की आता उद्यापर्यंत याला कुणी हात लावायचा नाही, पुजलेल्या औजाराला त्या दिवशी काम सांगत नाहीत. तेवढ्यात मोडेम ओरडायला लागला. कुणी काही दाबलं नव्हतं. तुटलेली लाइन नेमकी तेव्हा जोडली गेली होती, आणि मशीन आपोआप फोन लावत होतं. सरांचा चेहरा उजळला. म्हणाले, बघा, मुहूर्तावर लाइन आली.

मोडेमचे दिवे लुकलुकत राहिले. मी म्हटलं, सर, हे आपोआप काहीतरी पाठवून राहिलं, वायर काढू का? सर म्हणाले, आज हात लावायचा नाही. संध्याताईही म्हणाल्या, सर, बंद करू या की. सर म्हणाले, ताई, तुमचं नसेल, पण आमचं काही आहे का नाही? त्यावर दुसऱ्याच्या देवाधर्मात आपण कशाला बोलायचं म्हणून ताई गप्प बसल्या. दिवसभर ते मशीन हार घालून, कुंकू लावून, कुणाचा हात न लागता आपलं काम करत होतं. आम्ही प्रसादाचं खोबरं खात त्याच्याकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याताई पांढरी साडी नेसून विहारात गेल्या, कारण त्यांच्यासाठी तो दिवस धम्मचक्राचा. त्यानंतर ऑफिस उघडलं तर पुण्याचा फोन. तुम्ही ही यादी आम्हाला का पाठवली, आणि आणखी कुणाकुणाला पाठवली? मी मशीन उघडून पाहिलं. त्या व्हायरसचा धंदाच तो होता. ज्या मशीनमध्ये शिरायचं, तिथलीच एखादी फाईल उचलायची आणि पत्त्यांच्या वहीत जेवढे पत्ते असतील तेवढ्यांना पाठवायची, तुमचा सल्ला हवा म्हणून. त्याने उचलली होती संध्याताईंची फाईल. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या नाहीत, भिंतीला टेकून खाली जमिनीवरच बसल्या. पहिलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं ते एवढंच, “नाव तर न्हाई ना लिहिलेलं आपण?” आणि मग ‘ओळख’चा रकाना आठवून त्यांनी तोंडावर हात धरला. नाव नव्हतं, पण हाक लिहिलेली होती.

पुण्याने सांगितलं, गप्प राहा. लोक अशा फाईली उघडत नाहीत, बोंब कराल तर उघडतील. हा सल्ला भेकडपणाचा होता असं मला त्या दिवशी वाटलं, आणि आता कधीकधी वाटतं की त्यातलं अर्धं बरोबर होतं. पण संध्याताईंच्याने गप्प बसवेना. पत्त्यांत एक पत्ता तालुक्याच्या एका कचेरीचा होता, ज्या तालुक्यात जनकाबाईचं गाव. तेव्हा साहेब लोक पडद्यावर वाचत नसत. ऑपरेटर आलेला प्रत्येक मेल छापायचा आणि टपालाच्या ट्रेमध्ये ठेवायचा. म्हणजे ती यादी आता कागदावर उतरून कुणाच्या तरी टेबलावर असणार. बाकीच्यांना मी फोनवर गाठलं. पुसून टाका, व्हायरस आहे, मशीन बिघडेल, असं सांगितलं. मशीन बिघडेल म्हटल्यावर सगळ्यांनी लगोलग पुसलं. या कचेरीचा फोन लागेना, तर ताई म्हणाल्या, मी जाऊन येते. मी लुना काढली.

तिथला ऑपरेटर पुनमचंद नावाचा. त्याने छापलेला गठ्ठा ट्रेमध्ये तळाशी तसाच पडला होता, कुणी वाचला नव्हता. वर खतांची परिपत्रकं पडली होती. ताईंनी मी शिकवलं तसं सांगितलं असतं तर काम झालं असतं. पण तो गठ्ठा दिसल्यावर त्यांचा धीर सुटला. त्या रडायला लागल्या, हे बायकांचं आहे, त्यांच्या जिवाचं आहे, तुमच्या पाया पडते, वाचू नका, असं म्हणाल्या. पुनमचंदने खुर्ची दिली, चहा मागवला, कागद दिले, आणि मेलही पुसतो म्हणाला. त्यांनी सगळ्या कागदांचे तुकडे केले आणि बसमध्ये बसल्यासारख्या, पर्स पोटाशी धरून लुनावर बसल्या. मला वाटलं, वाचलो.

आम्ही निघून आल्यावर पुनमचंदने मेल पुसायच्या आधी उघडून वाचला. एवढी शिकलेली बाई एवढी रडते, म्हणजे काहीतरी असणार. त्याची बहीण जनकाबाईच्या गावात दिलेली होती. त्याने वाईट हेतूने सांगितलं नाही म्हणतात, बहिणीचं लेकरू त्याच बालवाडीत जातं म्हणून काळजीने सांगितलं. मी त्याला माफ करू शकलेलो नाही, पण त्याच्या जागी आमच्यातलं कुणी वेगळं वागलं असतं, असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

हे आम्हाला नंतर कळलं. तोवर दुसऱ्याच दिवशी संध्याताई जनकाबाईकडे गेल्या होत्या. पुण्याने नको म्हटलं होतं. मीही म्हटलं होतं की ताई, कागद फाडले, आता तिला सांगून कशाला तकलीफ देता? त्या म्हणाल्या, तिचं आहे, तिला माहीत पाहिजे. बालवाडीच्या मागे जनकाबाई डाळ निवडत बसली होती. ताई रोजच्यासारख्या समोर बसल्या, पण सुपाला हात लावला नाही. सगळं सांगितलं. मशीन, बिमारीचा रकाना, कागद फाडले ते. मी लुनापाशी उभा होतो, मला ऐकू येत होतं.

जनकाबाई ऐकत ऐकत निवडतच होती. मग म्हणाली, “तुमी तर म्हनले होते, नाव लिवनार न्हाई.”

“नाव न्हाई लिहिलं,” ताई म्हणाल्या. “हट्टावाली लिहिलं.”

तेव्हा तिचा हात थांबला.

“ताई, या गावात माझं नाव कोनाला ठावं हाय? सासूला बी आठवत न्हाई. हट्टावाली हेच माझं नाव हाय हितं.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पुन्हा डाळ निवडायला लागली. संध्याताई तिच्यासमोर बसून राहिल्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं की त्यांना एका बाईजवळ काय करावं ते कळत नव्हतं.

दिवाळीच्या आत बालवाडीतल्या ताटल्या कमी व्हायला लागल्या. आधी एका घरचं लेकरू घरून डबा आणायला लागलं. मग चार घरची. मग खिचडी तशीच्या तशी पातेल्यात उरायला लागली. कुणी जनकाबाईला तोंडावर काही बोललं नाही. नुसती लेकरं खाईनाशी झाली. बालवाडीतून निरोप आला तसे आम्ही दोघं गेलो. ताईंनी पारावर लोक जमवले आणि समजावून सांगितलं, हा आजार हातच्या खाण्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, शिवल्याने होत नाही. लोक ऐकून घेत होते, मान हलवत होते. तेवढ्याने भागणार नाही हे ताईंना दिसलं. त्या बालवाडीत गेल्या, ताटली घेतली, जनकाबाईला म्हणाल्या, वाढ. मीही घेतली. अख्ख्या गावासमोर आम्ही दोघं दारात बसून तिच्या हातची खिचडी जेवलो. ताईंनी दोनदा मागून घेतली.

गर्दीत पार्वतीबाई नावाची एक म्हातारी होती, गावात मान असलेली. ती शांतपणे म्हणाली, “तुमचं काय बाई, तुमाला कुठं काय वर्ज्य असतं? तुमी कोनाच्या बी हातचं खाता.”

कुणी हसलं नाही. तिने ते टोचून म्हटलंच नव्हतं, जे सगळ्यांच्या मनात होतं ते म्हटलं. संध्याताई कोणत्या वस्तीतल्या हे गावाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी कोण ते माझ्या नावातच होतं. आम्ही दोघांनी पातेलं संपवलं असतं तरी त्या गावाच्या लेखी अजून कुणी काही खाल्लंच नव्हतं. ताईंचा घास हातात तसाच राहिला. परतीच्या वाटेवर त्या म्हणाल्या की त्यांच्या आजीच्या हातचं पाणी कुणी घेत नसे, आणि त्यांना वाटलं होतं की हे सगळं मागे पडलंय. मग म्हणाल्या, त्या गावात माझी भूकसुद्धा धरत न्हाईत अन्सारभाई, माझ्या खाण्याने त्या बाईला काय आधार होणार? मी लुना चालवत राहिलो आणि मला रडू येत होतं, ते वाऱ्याने खपून गेलं.

जनकाबाईचं काम गेलं. सासूने घराबाहेर काढलं नाही, फक्त तिची चूल आणि अंथरूण गोठ्यात हलवलं. तिथे ती थोडे दिवस राहिली, आणि मग पोरीला घेऊन हट्ट्याला भावाकडे गेली. भावाने अंगणापलीकडे एक पत्र्याची खोली दिली.

त्यानंतरच्या संध्याताई म्हणजे वायरवाल्या संध्याताई. नोकरी सोडायची म्हणून राजीनामा लिहिला होता, तो त्यांनी फाडला. म्हणाल्या, मी गेले तर माझ्या जागी जो येईल तोही असाच रकाना काढेल. पुण्याहून आलेली प्रत्येक सीडी त्या स्वतः उभं राहून माझ्याकडून टाकून घ्यायच्या, मशीन दिवसभर रखडलं तरी बेहत्तर. लालसिंग सरांची बदली झाली. जाताना ते ताईंसमोर उभे राहिले आणि ज्वारीच्या शेतातून उतरवलेली ती सीडी टेबलावर ठेवून गेले. उन्हापावसाने तिचा रंग उडाला होता. खंडेनवमी ऑफिसात पुन्हा कुणी केली नाही.

काही वर्षांनी पुण्याहून सगळ्या शाखांसाठी नवा प्रोग्राम आला. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, तोही मुदतीने बदलायचा. ओळखीचा रकाना नाही, गावाचा नाही, माहेराचा नाही. एका बाईमागे एक नंबर, बस. तो टाकून झाला त्या दिवशी ताईंनी सगळ्यांना भजी खाऊ घातली. इतक्या वर्षांत मी त्यांना तेव्हाच हसताना पाहिलं.

त्याच प्रोग्रामसाठी जुन्या बायकांना पुन्हा भेटायचं होतं. आम्ही हट्ट्याला गेलो. जनकाबाई ओळखू येत नव्हती. सरकारी औषध नुकतंच सुरू झालं होतं, पण ते आणायला लांब मोठ्या दवाखान्यात जावं लागायचं आणि तिला उशीर झाला होता. पोरगी शाळेत जात होती. माहेरात तरी तिला कुणी नावाने हाक मारत असेल असं मला वाटलं होतं. भावजय अंगणातून म्हणाली, त्या पत्र्यातल्या बाईला भेटायला आलेत का?

ताईंनी प्रश्न विचारले, माहिती उतरवून घेतली. जनकाबाईने विचारलं, काय लिवलं? ताई म्हणाल्या, नंबर लिहिला, आता फक्त नंबर असतो, कुणाला काही कळत नाही.

जनकाबाई उठून बसली. “आता काहून नंबर? समद्या मुलखाला ठावं झालं. आता लपवून काय ऱ्हायलं माझं? आता नाव लिवा. जनकाबाई. पुढं बापाचं लावा, सोनाजी. आख्ख्या जिंदगीत कोनी हाक मारली न्हाई, एका जागी तरी लिवलेलं ऱ्हाऊ द्या.”

ताई म्हणाल्या, लिहिते.

ऑफिसात आल्यावर त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, अन्सारभाई, कुठंतरी जागा करा. मी सगळे पडदे उघडून बघितले. नंबराच्या चौकटीत आकड्याशिवाय काही जाईना. शेरा लिहायला जागाच ठेवली नव्हती. मी अक्षर दाबलं की मशीन टुण्ण करायचं. शेवटी ताईंनी पुण्याला फोन लावला. तिकडून एक मुलगी फार गोड आवाजात म्हणाली की मॅडम, नाव घालता येणार नाही, बायकांच्या सुरक्षिततेसाठीच हा नियम केला आहे, मागे तुमच्याच शाखेत तो प्रकार झाला होता ना, त्यानंतर.

ताईंनी फोन ठेवला. खुर्ची ओढून बसल्या, आणि माझ्या कीबोर्डकडे बघत राहिल्या. मी पाणी आणून दिलं ते तसंच राहिलं. संध्याकाळी वाकून वायर काढली, गुंडाळली, पर्समध्ये टाकली.

सोयाबीन निघायच्या आत जनकाबाई गेली. कळवायला तिची पोरगीच आली होती, एकटी, एसटीने. प्रोग्राममध्ये अशा वेळी नंबराच्या पुढे एक खूण करायची असते. केली की मशीन विचारतं, खात्री आहे का? मला ते बटण दाबवेना. संध्याताईंनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः दाबलं.

हे लिहितो म्हणून मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या प्रत्येक कागदावर काट मारली. गाव काढायला लावलं, वाटेतलं शिरड शहापूरही खोटं आहे. तालुका सांगू नको म्हणाल्या. तिचं माहेर हट्टा नव्हतं, दुसरंच होतं, ते त्यांनी बदलून हट्टा करायला लावलं, आणि सालांची मोडतोड केली. वाचणाऱ्याला ती बाई कधी सापडू नये, याची त्यांनी सगळी खबरदारी घेतली. फक्त एका जागी मी नाव बदलून दुसरं लिहिलं होतं, तिथे त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं. पोरीला विचारून आल्या होत्या, आता ती कॉलेजात आहे. तिने हो म्हटलं होतं.

तिचं नाव जनकाबाई होतं, सोनाजीची लेक. एवढं खरं आहे.